नंबर चारची फळी

फळी तपासनीस साहेबांच्या नाकावर पडली, तिथून हे सगळं सुरू झालं.

साहेब उंच. टॅक्सीत ड्रायव्हरच्या जागेवर ते कसेबसे मावले. गुडघे स्टिअरिंगला टेकवून त्यांनी हॉर्न वाजवला, वायपर फिरवले, आणि दार जोरात ओढून घेतलं. त्या धक्क्याने काचेच्या वरची उन्हाची फळी सुटली आणि थेट त्यांच्या नाकावर आली. दुकानात हिला सन व्हायझर म्हणतात, टॅक्सीवाले नुसतं फळी म्हणतात. साहेबांनी ती वर लावली, ती खाली आली. पुन्हा लावली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी त्यांचा चष्मा मांडीवर पडला, तेव्हा त्यांनी तो पुसून घातला आणि कागदावर लिहिलं: नापास. चालकापुढची फळी सैल. नवी बसवावी.

गाडीची मालकीण बाहेर उभी होती. ती म्हणाली, बारा वर्षं मी ही गाडी चालवते आहे, माझ्या नाकाला कधी लागली नाही ती. साहेबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात फार वेळ गेला नाही.

तिचं खरं नाव माझ्या जुन्या हजेरीपटात आहे, पण त्या नावाने तिला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. तिसरी-चौथीला ती माझ्या वर्गात होती. टाचणी हे नाव तिला तिथेच मिळालं. लहानखुरी, सरळ, आणि हात लावाल तर टोचणारी. उंचीप्रमाणे रांग लावली की ही पहिली. बाकही पहिला. फळ्यावर तारीख लिहायचं काम आठवड्याला एकेका मुलीकडे असे. तिची पाळी आली तेव्हा मी कोपऱ्यातलं स्टूल सरकवून दिलं. वर्ग हसला. तिने स्टुलाकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्टूल पायाने बाजूला करून फळ्याच्या अगदी खालच्या कडेला तारीख लिहिली. आठवडाभर तारीख तिथेच होती. मागच्या बाकांवरची मुलं ती वाचायला उभी राहत. तिला उंच व्हायचं नव्हतं, बाकीच्यांनी वाकावं असं तिचं म्हणणं होतं.

आता ती पन्नाशी ओलांडलेली. मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर टॅक्सींचा स्टँड आहे, तिथे बारा जागा, जमिनीवर पांढऱ्या रंगात आकडे घातलेले. चार नंबर तिचा. प्रतीक्षा यादीत नऊ वर्षं काढून, ही गाडी घेतली त्याच वर्षी, तो तिला मिळाला होता. बारांमध्ये बाई ती एकटीच. स्टँडचा कारभार पाहणारे एक मुकादम आहेत. स्वतः नंबर एकवर उभे राहतात आणि बाकीच्यांच्या गाड्या इंचभर पुढेमागे करायला लावतात. ती पहिल्या दिवशी स्टँडवर आली तेव्हा त्यांनी चहावाल्याकडची लहान मुलांची खुर्ची आणवून तिच्या दाराशी ठेवली होती. "बसायला लागेल ना उंच," म्हणाले. अकरा माणसं पोट धरून हसली. तिने खुर्ची उचलून चहावाल्याला नेऊन दिली आणि परत येऊन गाडीत बसली. सीटवर उशी न घेता. त्या दिवसानंतर तिच्या गाडीत उशी कधी आलीच नाही. स्टिअरिंगच्या वरच्या कमानीवरून नव्हे, तिच्या आतून बघत ती शहरभर हिंडली. लांबून पाहणाऱ्याला गाडी आपोआप चालल्यासारखी वाटे.

स्टँडचा एक नियम आहे. पासिंग, म्हणजे गाडीची दर वर्षाची सरकारी तपासणी, झालेलं नसेल तर गाडी रांगेत लावायची नाही. आणि आठ दिवस गाडी रांगेत दिसली नाही, तर नंबर यादीतल्या पुढच्याला. यादीत पुढचा होता मुकादमांचा मेहुणा. तो तपासणीच्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, येऊन चार नंबरच्या आकड्यावर नवा पांढरा रंग देऊन गेला. पुसट झाला होता, म्हणाला.

टाचणी बुधवारी सामानाच्या दुकानात गेली. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून हात जोडले. ही फळी आता सुटी येत नाही, म्हणाला, छताचं आतलं अख्खं अस्तर घ्यावं लागेल, आणि तेही मागवून, महिना तरी जाईल. मग काउंटरवर कोपर टेकून आपुलकीने म्हणाला, ताई, गाडीच बदला ना, तुम्हाला शोभेल अशी एखादी छोटी घ्या. ती म्हणाली, तुम्हीही तुम्हाला शोभेल असं छोटं दुकान घ्या, आणि निघाली.

गुरुवारी ती भंगारवाल्याकडे गेली. तिथे अगदी तिच्या गाडीच्याच जातीची एक गाडी उभी होती, चाकं नसलेली, पण फळी शाबूत. ऊन मी म्हणत असताना तिने स्वतः आत शिरून दोन स्क्रू काढले आणि फळी जिंकल्यासारखी घरी आणली. घरी लावून पाहिली तर दांडी उलट्या बाजूला वळलेली. फळ्यांना डावं-उजवं असतं, चपलांसारखं. त्या गाडीत शाबूत राहिली होती ती शेजारच्या प्रवाशाची फळी. नवरा पोस्टातून आला तेव्हा ती पायरीवर बसून त्या फळीकडे बघत होती. तो सरळ माणूस. म्हणाला, बारा वर्षं चालवलीस, खूप झालं, आता घरी बस आरामात. त्या रात्री त्याला आराम मिळाला नाही एवढंच मला ठाऊक आहे.

शुक्रवारी सकाळी ती माझ्याकडे आली. तपासणीच्या नियमांचा छापील कागद तिने कचेरीतून आणला होता, अक्षर मुंगीएवढं. म्हणाली, बाई, तुमचा भिंगाचा चष्मा काढा आणि फळीचं काय लिहिलंय ते वाचा. मी वाचलं. चालकापुढची फळी ठेवली त्या जागी स्थिर राहिली पाहिजे आणि चालकाच्या नजरेत अडथळा येता कामा नये. एवढंच एक वाक्य.

"नवी हा शब्द कुठे आहे?" तिने विचारलं.

मी पुन्हा वाचलं. नव्हता. मागची बाजूही पाहिली, तिथेही नव्हता. तिने माझ्या हातून पेन घेतलं, त्या ओळीखाली रेघ मारली, पट्टी न लावता सरळ, आणि कागदाची घडी ब्लाउजमध्ये खोचून ती तिथून थेट नणंदेकडे गेली.

ही नणंद तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि गाड्यांच्या सीटा शिवण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कोणी नाही. घराची पुढची खोलीच दुकान. एका भिंतीला जाड कापडाचे गुंडाळे, दुसऱ्या भिंतीला फोमच्या लाद्या, मध्ये दोन माणसांनी उचलायचं काळं शिलाई मशीन, आणि खिडकीत सुयांचा डबा. त्यातल्या अर्ध्या सुया अर्धचंद्रासारख्या वाकड्या, कारण गाडीतली शिवण एकाच बाजूने घालावी लागते. नणंद-भावजयीचं बोलणं गेल्या वर्षापासून दिवाणखान्याच्या पडद्यांवरून बंद होतं. टाचणी दारात उभी राहून म्हणाली, "वन्सं, तुमचं माझं भांडण पुढच्या बुधवारपासून पुन्हा सुरू करू. आत्ता ही फळी बघा."

वन्सं चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भांडण कुठे होतं? मी तर शांततेत होते."

फळी सोडवून त्यांनी मांडीवर घेतली. मग शिवण उसवायच्या पात्याने कडेचे टाके एक-एक तोडले आणि साल काढावी तसं कापड मागे घेतलं. आत पुठ्ठ्याचा गाभा, आणि गाभ्याच्या वरच्या कडेला लोखंडाची वाकवलेली पातळ पट्टी. छताला बसवलेली दांडी या पट्टीत घट्ट पकडलेली असते, त्या पकडीवरच फळी वर राहते. इथे पट्टीचा जबडा वासलेला होता. दांडी आत खुळखुळत होती.

वन्संनी पट्टी उजेडाला धरली. मग उसवलेलं कापड उलटं करून बाहेरची बाजू पाहिली. खालच्या कडेला, बरोबर मध्यावर, कापड काळं आणि गुळगुळीत झालं होतं. चार बोटांचे ठसे शेजारी शेजारी, मागच्या बाजूला अंगठ्याचा एक. त्यांनी टाचणीचा हात ओढून घेतला आणि त्या ठशांवर ठेवला. बसला.

"वहिनी, ही आपोआप सैल झालेली नाही," त्या म्हणाल्या. "ही कोणीतरी रोज खाली ओढली आहे. जिथे थांबते त्याच्याही खाली. बारा वर्षं."

टाचणीने हात काढून घेतला नाही. हे मला वन्संनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्याचंच जास्त आश्चर्य वाटत होतं. मग टाचणी हळूच म्हणाली की सकाळी पूर्वेकडे तोंड केलं की ऊन फळीच्या खालून डोळ्यांत येतं. उंच माणसाला येत नाही. मग ओढावी लागते. आधी ओढावी लागायची, मग ती आपणच खाली राहायला लागली, आणि तिला वाटलं, बरं झालं, गाडीला माझी सवय झाली.

"उशी घ्यायची होतीस."

"उशी घेणार नाही."

"चार बोटं वर बसलीस तर ऊन फळीमागे जातं. साधा हिशेब आहे."

"वन्सं, फळी नीट करता की मी दुसरीकडे जाऊ?"

दुसरीकडे कुठे जाणार होती, देव जाणे. लोखंडी पट्टी शिकंज्यात धरून वन्संनी तिचा जबडा मिटवला. दांडीला पातळ चामड्याचा एक वेढा चिकटवला, म्हणजे लोखंडावर लोखंड घासणार नाही. दिवसभर तो वाळू दिला. शनिवारी फळी पुन्हा शिवली, त्याच जुन्या भोकांतून टाके घालत. बोटांचे ठसे असलेलं कापड बदलून देऊ का, असं त्यांनी विचारलं. टाचणी म्हणाली, राहू द्या, ते माझे आहेत.

निघताना वन्संनी तिच्या गाडीची डिकी उघडून एक उशी आत टाकली. सीटच्या फोमची, चार बोटं जाड, वरून राखाडी कापड, मागे पट्टा. "माझ्याकडे तुकडा उरला होता," त्या म्हणाल्या. "पडून राहू दे." टाचणीने डिकी आपटून बंद केली. उशी काढून मात्र दिली नाही.

रविवारी आणि सुट्टीमुळे सोमवारीही कचेरी बंद. मंगळवार आठवा दिवस. सकाळी आठला ती तपासणीच्या मैदानात पहिली उभी.

साहेबांनी या वेळी चष्मा आधीच काढून खिशात ठेवला. आत बसून दार आपटलं. फळी हलली नाही. पुन्हा आपटलं. छतावर मुठीने ठोकलं. चारी दारं उघडून एकामागून एक लावली. फळी छताला चिकटून. मग त्यांनी ती खाली केली आणि कडेचे टाके बोटाने चाचपले.

"ही शिवलेली आहे. मी नवी बसवा म्हटलं होतं."

टाचणीने कागद काढला, घडी उलगडली, रेघ मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं. साहेबांना वाचायला चष्मा पुन्हा खिशातून बाहेर काढावा लागला. त्यांनी वाचलं. ते वाईट गृहस्थ नव्हते हे मुद्दाम सांगते. खूप वर्षं कोणी त्यांना त्यांचाच कागद दाखवला नव्हता, एवढंच. ते म्हणाले, मैदानात टिकली म्हणजे रस्त्यावर टिकेल असं नाही. ती म्हणाली, "चला मग रस्त्यावर. सगळ्यात वाईट रस्ता तुम्हीच सांगा. फळी पडली तर कागद माझ्यासमोर फाडा, मी गाडी इथेच ठेवून चालत घरी जाईन."

साहेबांनी रेल्वे फाटकाकडचा रस्ता सांगितला. खड्ड्यांचं म्हणाल तर त्याला तोड नाही. आणि तो सरळ पूर्वेला जातो.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. खड्ड्यांतून गाडी उसळत होती, फळी जागच्या जागी. मग वळण संपलं आणि सूर्य समोर आला, सकाळचा, खालचा, पांढरा. तिने फळी खाली केली. ऊन फळीच्या खालून सरळ डोळ्यांत. तिचा हात सवयीने वर गेला, चार बोटं त्याच चार ठशांवर बसली आणि तिने ओढलं. फळी तसूभरही हलली नाही. वन्संनी काम चोख केलं होतं.

इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या, असं ती मला नंतर म्हणाली. डोळे बारीक करून अंदाजाने शंभर पावलं पुढे जायचं, साहेबांना काही कळलं नसतं. किंवा थांबायचं. तिने हात बाहेर काढला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला.

साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं.

"समोरचं दिसत नाही. दिसत नाही तेव्हा मी गाडी चालवत नाही."

"मग नापास लिहू?"

"दोन मिनिटं थांबा. मग जे दिसेल ते लिहा."

ती उतरली. डिकी उघडून राखाडी उशी काढली. येणारे-जाणारे बघत होते, एक सायकलवाला तर थांबलाच. तिने उशी सीटवर ठेवली, पट्टा मागे ओढून अडकवला, सीट दोन खाचा पुढे घेतली, आरसा वर केला, आणि बसली. सूर्य फळीमागे गेला. पुढचा रस्ता, फाटक, फाटकावरचा माणूस, त्याच्या हातातला झेंडा, सगळं दिसायला लागलं. बोनेटही दिसलं. बारा वर्षांत आपल्या गाडीचं बोनेट तिने बसल्या जागेवरून पहिल्यांदाच पाहिलं. त्यावर एक ओरखडा होता, त्याचा तिला राग आला.

फाटकापर्यंत जाऊन ते परत आले. मैदानात उतरताना साहेबांनी विचारलं की ही उशी आधीपासून का नव्हती.

"आधी फळी खाली होती," ती म्हणाली.

साहेबांना ते कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी शिक्का मारला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: फळी दुरुस्त, स्थिर. आणि थोडं थांबून खाली: चालक सावध.

अकराच्या सुमाराला ती स्टँडवर पोहोचली. चार नंबरवर मेहुण्याची गाडी उभी. तिने मागून हॉर्न दिला. मुकादम सावकाश उठून आले. म्हणाले, बाई, आज आठवा दिवस. ती म्हणाली, आठवा आहे, नववा नाही. आणि दिवस संध्याकाळी संपतो, तुमचा सकाळीच संपत असेल तर घड्याळ दाखवा. मुकादमांनी कागद मागितला. तिने तो काचेतून दिला नाही. उतरून दिला. आणि उतरल्यावर सीटवरची उशी सोडवून घेतली, गाडीच्या टपावर ठेवली, टाचा उचलून, आणि अकरा माणसांदेखत दोन्ही हातांनी बडवून तिची धूळ काढली. गेल्या तीन दिवसांत तिच्यावर फारशी धूळ बसलेली नव्हती.

मुकादम हसले. "काय टाचणीबाई, शेवटी उशी आलीच म्हणायची."

"आली. मला हवी होती तेव्हा आली, तुम्ही दिली तेव्हा नाही," ती म्हणाली. "आता मेहुण्यांना गाडी काढायला सांगा. रंग छान दिला आहे त्यांनी, मला लांबूनच दिसला."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू तिच्यावर नव्हतं. मेहुण्याने गाडी मागे घेतली. घेताना त्याला दोनदा आरशात बघावं लागलं, कारण सहा नंबरवाल्याने त्याला वाट द्यायची घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी मला डोळे दाखवायला जायचं होतं. ती घ्यायला आली. मी पुढे बसले. सकाळची वेळ, रस्ता पूर्वेचा. तिने फळी एकदा खाली केली आणि मग तिला हात लावला नाही. कडेला ते चार काळे ठसे तसेच होते. मला बरीच वर्षं बोलायचं होतं ते मी तेव्हा बोलले. म्हटलं, अगं, ते फळ्यापाशी स्टूल दिलं होतं ना मी तुला चौथीत.

"स्टूल वाईट नव्हतं, बाई."

"वर्ग हसला तेव्हा मीही हसले होते."

"माहीत आहे," ती समोर बघत म्हणाली. "पहिल्या बाकावर होते मी. तिथून सगळं दिसतं."

तिने आरशात पाहिलं, गिअर टाकला.

"पट्टा लावा, बाई," ती म्हणाली. "पुढे रस्ता वाईट आहे."